पिल्लाचं वय दिवसांत मोजा: उंदरांच्या अंडाशयावर किरणोत्सर्गाचा परिणाम अभ्यासणाऱ्यांसाठी

जळगावात मे महिन्यात मायक्रोटोमवर, म्हणजे मेणात बसवलेल्या ऊतींचे पातळ काप करणाऱ्या यंत्रावर, बसलं की मेण म्हणजे काय ते कळतं. बाहेर पारा चव्वेचाळीसवर, वर पंखा गरम हवा फेकतोय आणि समोरचा ब्लॉक बोटानं दाबला तर ठसा उमटतोय. पाती फिरली की सरळ रिबन निघत नाही, चुरगळलेली साय निघते. पहिल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीची तीन अंडाशयं अशीच वाया गेली. ती रडली, आणि ते रडणं मला योग्य वाटलं. तीन अंडाशयं म्हणजे तीन जनावरं, आणि त्यांच्या मरणातून हाती काहीच आलं नाही.

तेव्हापासून हा विषय घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळं तोंडी सांगत आले. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, फार्मसी आणि पीएच.डी. करणाऱ्या खान्देशातल्या मुलामुलींसाठी आता ते लिहून काढते आहे.

आधी ठरवा: कोणता प्राणी, कितव्या दिवशी

मराठीत माऊसही उंदीर आणि रॅटही उंदीर. बोलताना चालतं, प्रबंधात चालत नाही. किरणोत्सर्गाच्या बाबतीत दोघांची अंडाशयं फार वेगळी वागतात, म्हणून पहिल्या पानापासून माऊस आणि रॅट हे शब्द वेगळे ठेवा.

मादी सस्तन प्राणी जन्मतो तेव्हा त्याच्या अंडपेशींचा साठा जवळजवळ ठरलेला असतो. मुलीच्या बाबतीत जन्मावेळी १० ते २० लाख, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. माऊस आणि रॅटमध्ये जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत या पेशींभोवती चपट्या पेशींचं कवच तयार होतं आणि आदिम फॉलिकल बनतात. त्यातली अंडपेशी अर्धसूत्री विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबलेली असते. या थांबलेल्या पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ती दुरुस्तीपेक्षा मरण पत्करते.

माऊसमध्ये ही प्रवृत्ती टोकाची आहे. पिल्लावस्थेतल्या माऊसच्या आदिम अंडपेशींपैकी निम्म्या ०.१ ग्रेच्या (ग्रे म्हणजे शोषलेल्या किरणोत्सर्गाचं एकक) आसपासच्या डोसनं संपतात. जन्माच्या दिवशी संवेदनशीलता कमी असते, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती शिगेला पोचते आणि प्रौढ वयात पुन्हा उतरते. म्हणून 'लहान माऊस' असं लिहून काही साधत नाही. पाचव्या दिवसाचं पिल्लू आणि एकविसाव्या दिवसाचं पिल्लू हे दोन वेगळे प्रयोग आहेत. जन्माचा दिवस तुम्ही शून्य धरता की एक, तेही लिहा.

यामागचं कारण गेल्या काही वर्षांत उलगडलं, आणि ते विद्यार्थ्यांना सांगताना मला दर वेळी आनंद होतो. या अंडपेशींत टीएपी६३ नावाचं प्रथिन आधीच भरून ठेवलेलं असतं, पण निष्क्रिय अवस्थेत. डीएनए तुटला की सीएचके२ हे एन्झाइम त्याला जागं करतं. जागं झालेलं टीएपी६३ प्युमा आणि नॉक्सा या प्रथिनांकरवी पेशीला मृत्यूकडे नेतं. २००६ मध्ये पाच दिवसांच्या माऊस पिल्लांवर ०.४५ ग्रे देऊन पी६३ची ही भूमिका दाखवली गेली. २०१२ मध्ये दिसलं की प्युमा नसलेल्या माद्यांच्या अंडपेशी त्याच डोसमधून वाचतात आणि पुढे त्यांना पिल्लंही होतात. २०१४ मध्ये सीएचके२ काढून टाकलेल्या माद्यांतही प्रजननक्षमता टिकली. म्हणजे या पेशी डोसनं थेट जळून जात नाहीत, त्या आत ठरलेल्या वाटेनं मरतात. ती वाट अडवता आली तर पेशी वाचवता येतात. तुमच्या प्रकल्पात एखाद्या वनस्पतीच्या अर्काचा संरक्षक गुण तपासणार असाल, तर तो अर्क या वाटेवर नेमका कुठे हात घालतो हे विचारा. नुसतं 'अँटिऑक्सिडंट आहे' एवढ्यावर थांबू नका.

रॅट जास्त सोसतो. अंडाशय निकामी होण्याचं प्रारूप म्हणून तीन आठवड्यांच्या रॅट पिल्लांना ३.२ ग्रे गॅमा किरणं एकदाच संपूर्ण शरीरावर दिल्याचे अनेक अभ्यास प्रसिद्ध आहेत. हा आकडा माऊसवर वापरला तर मधला फरक दिसण्याआधीच साठा संपलेला असेल.

परवानग्या

यात पळवाट नाही. प्राण्यांसाठी १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८च्या नियमांनुसार तुमच्या संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी लागते. वरची, देशभरच्या प्राणिप्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती म्हणजे पूर्वीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए. अर्जात सर्वात कस लागतो तो 'इतकेच प्राणी का' या रकान्यात. तिथे 'मागच्या प्रबंधात सहा होते' असं लिहू नका. किती फरक पकडायचा आहे, आधीच्या मोजण्यांत किती चढउतार होता, त्यावरून संख्या काढा. किरणस्रोत ज्या संस्थेचा, त्यांच्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आणि किरण सुरक्षा अधिकारी असतो. त्यांना भेटल्याशिवाय तारीख ठरवू नका.

अर्ज भरण्याआधी एक काम करा: विभागाची कपाटं उघडा. जुन्या प्रकल्पांचे ब्लॉक अनेकदा पडून असतात. पद्धत शिकायला ते पुरतात. फॉलिकल ओळखायचा सराव करण्यासाठी जिवंत प्राणी वापरणं मला मान्य नाही.

गट कसे पाडायचे

एका मादीची सगळी पिल्लं एका गटात टाकणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. बहिणी-बहिणींत साम्य असतंच. मग डोसचा फरक मोजतोय की दोन आयांमधला, हे सांगता येत नाही. प्रत्येक वेतातली पिल्लं सगळ्या गटांत वाटा.

दुसरी चूक आपल्या भागाशी जोडलेली आहे. गॅमा स्रोतासाठी बरेचदा प्राणी बाहेर न्यावे लागतात, कधी मुंबईपर्यंत. जळगावहून ते रेल्वेनं चारशे किलोमीटरांवर. पिंजरा हलतो, आवाज होतो, तहान लागते, तापमान बदलतं. डोस घेणारी पिल्लं गेली आणि नियंत्रण गटातली इथेच गार खोलीत राहिली, तर तुम्ही प्रवासाचा परिणाम मोजला. नियंत्रण गट त्याच गाडीतून, त्याच पिंजऱ्यांत जायला हवा. किरणं देताना पिल्लू ज्या डब्यात ठेवतात त्याच डब्यात तितकाच वेळ त्याला स्रोतासमोर ठेवा, फक्त किरणं सुरू करू नका. दूध पिती पिल्लं असतील तर आयांसह न्या.

प्राणिगृहाचं तापमान २२ ते २४ अंशांवर ठेवा. उन्हाळ्यात भारनियमन झालं आणि चार तास खोली तापली, तर त्या आठवड्याची ऋतुचक्राची नोंद संशयास्पद धरा. उष्णता एकटीच चक्र बिघडवते. जमलं तर प्रयोगाचा मुख्य भाग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा. आम्ही आता तसंच करतो.

डोस

इथे घाई करू नका. साध्या गणितात प्रयोग बुडालेले मी पाहिले आहेत.

संशोधनासाठीची बंद गॅमा चेंबर फार वेगानं डोस देते, काही किलोग्रे ताशी. समजा वेग ताशी ३.६ किलोग्रे आहे. म्हणजे सेकंदाला १ ग्रे. तुम्हाला ०.१ ग्रे द्यायचा असेल तर सेकंदाचा दहावा भाग! नमुना आत-बाहेर सरकतानाच त्याहून जास्त डोस बसतो. बियाणं किंवा बॅक्टेरियासाठी ही चेंबर उत्तम, पिल्लांच्या अंडाशयासाठी नाही. कर्करोग उपचाराचं टेलिकोबाल्ट यंत्र (कोबाल्ट-६०ची गॅमा किरणं सोडणारं) किंवा लिनॅक (विजेवर क्ष-किरण तयार करणारं) मिनिटाला साधारण एक-दोन ग्रे देतं, ते योग्य. रुग्णांची वेळ संपल्यावरच ते मिळतं, आणि तसंच असायला हवं.

कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. महिन्याला सुमारे १.१ टक्का, वर्षाला सुमारे १२ टक्के घट. गेल्या वर्षीच्या तक्त्यात मिनिटाला १.२ ग्रे लिहिलं असेल तर आज ते १.०५ आहे. ३.२ ग्रेसाठी जुन्या आकड्यानं २ मिनिटं ४० सेकंद येतात, खऱ्या आकड्यानं ३ मिनिटांहून थोडं जास्त. हिशेब वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाकडून तपासून घ्या. त्या दिवशीचा वेग, स्रोतापासूनचं अंतर आणि क्षेत्राचा आकार वहीत नोंदवा.

आणखी एक बारकावा. कोबाल्टच्या किरणांचा डोस कातडीवर पूर्ण नसतो. तो ५ मिलिमीटर आत गेल्यावर शिगेला पोचतो. पिल्लू इवलंसं असतं, म्हणून डब्यावर ५ मिलिमीटर जाडीची पर्स्पेक्सची (पारदर्शक प्लास्टिकची) पट्टी ठेवा. खाली आधारालाही पर्स्पेक्स घ्या. डबा असा हवा की पिल्लू वळणार नाही, पण गुदमरणारही नाही. भोकं पाडा.

संपूर्ण शरीरावर डोस दिला तर आतडी, अस्थिमज्जा आणि मेंदूतली पीयूषिकाही (संप्रेरकांतून अंडाशयाला आदेश देणारी ग्रंथी) त्यात येतात. मग अंडाशय बिघडलं ते थेट किरणांनी की वरून आदेश थांबल्यानं, हा प्रश्न उरतोच. फक्त पोटाखालच्या भागावर डोस दिल्यास हा गुंता बराच सुटतो.

जिवंतपणीच्या नोंदी

रोज वजन. कंटाळवाणं वाटेल, पण यावर बरंच अवलंबून आहे. किरणोत्सर्गानंतर पिल्लू कमी खातं, वाढ खुंटते आणि खुंटलेल्या वाढीनंच वयात येणं लांबतं. रॅटमध्ये योनिद्वार साधारण ३३ ते ४० दिवसांत उघडतं. ते उशिरा उघडलं आणि तुमच्याकडे वजनाचे आकडे नसले, तर भुकेचं काम तुम्ही अंडाशयाच्या नावावर लिहाल.

योनिद्वार उघडल्यावर रोज एकाच वेळी, समजा सकाळी नऊला, स्मिअर, म्हणजे योनीतल्या पेशींचा नमुना, घ्या; त्यातून ऋतुचक्राचा टप्पा कळतो. ड्रॉपरमध्ये सलाईनचे दोन थेंब, हलकेच आत, परत ओढा, काचपट्टीवर पसरा. केंद्रक असलेल्या गोल पेशींचे पुंजके म्हणजे प्रोइस्ट्रस. पोह्यांसारख्या केंद्रकहीन, कडा दुमडलेल्या पेशी म्हणजे इस्ट्रस. सगळं मिसळलेलं असेल तर मेटइस्ट्रस, आणि पांढऱ्या पेशींचीच गर्दी म्हणजे डायइस्ट्रस. चक्र चार-पाच दिवसांचं. ड्रॉपर खोल घालू नका. गर्भाशयमुखाला धक्का लागला तर मादी खोट्या गर्भारपणात जाते आणि बारा-चौदा दिवस डायइस्ट्रसच दिसत राहतो. नवख्या हातांनी केलेली ही चूक 'किरणोत्सर्गाचा परिणाम' म्हणून छापली जाण्याइतकी खरी दिसते.

एकदा एका मुलीनं आनंदानं वही पुढे केली. "मॅडम, डोस दिलेल्यांची चक्रं नियमित आहेत. म्हणजे काही झालं नाही ना?" तिला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. मोठी फॉलिकल होती, पण आदिम फॉलिकलची कड जवळपास मोकळी होती. वाढीला लागलेली फॉलिकल किरणांना अधिक सोसतात. इस्ट्रोजेन तीच तयार करतात, म्हणून चक्र काही काळ चालत राहतं. घरातली कणगी रिकामी झालेली असते, पण डब्यात काढून ठेवलेल्या पिठावर आठवडाभर भाकरी होतच असते, तसं. म्हणून चक्र हे साठ्याचं माप धरू नका.

किती वेळानं पाहायचं

प्रश्न काय, त्यावर वेळ ठरते. डीएनएची तूट आणि टीएपी६३ जागं होणं पाहायचं असेल तर पहिले काही तास. पेशींचा मृत्यू पाहायचा तर पहिले एक-दोन दिवस. उरलेला साठा मोजायचा तर किमान आठवडा जाऊ द्या, नाहीतर मरायला लागलेल्या पेशीही जिवंत म्हणून मोजल्या जातील. प्रजननक्षमता पाहायची तर पिल्लू प्रौढ झाल्यावर सिद्ध (आधी पिल्लं झालेल्या) नराशी जोडी लावा आणि एकाच वेतावर थांबू नका. पहिलं वेत ठीक येऊन पुढची बंद पडणं, साठा आटल्याची हीच खरी खूण.

वर्षभरानं पाहिलं तर वेगळंच चित्र दिसतं. माऊसमध्ये फॉलिकल संपली की इस्ट्रोजेन घटतं, पीयूषिकेची संप्रेरकं सतत चढी राहतात आणि त्या रेट्यानं अंडाशयात गाठी होतात. हे १९३०च्या दशकापासून ठाऊक आहे.

ऊती हाताळताना

प्राण्याला वेदनारहित मरण देण्याची पद्धत मंजूर प्रस्तावातलीच वापरा. नवजात पिल्लं कार्बन डायऑक्साइडला खूप वेळ टिकून राहतात, त्यामुळे फक्त त्यावर विसंबू नका.

पाच दिवसांच्या माऊसचं अंडाशय खसखशीच्या दाण्याएवढं, तीन आठवड्यांच्या रॅटचं बाजरीच्या दाण्याएवढं. चरबीत दडलेलं. काढताना चिमट्यानं अंडाशय धरू नका, शेजारची चरबी धरा. मोजणीसाठी ऊती टिकवायला बोइन द्रावण चांगलं: संपृक्त पिक्रिक आम्ल ७५ भाग, फॉर्मॅलिन २५, ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल ५. माऊसच्या इवल्या अंडाशयाला चार-सहा तास पुरतात, रॅटला रात्रभर ठेवा. मग ७० टक्के अल्कोहोलनं पिवळा रंग निघेपर्यंत धुवा. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोटक असतं. जुन्या बाटलीच्या झाकणाशी स्फटिक दिसले तर झाकण फिरवू नका, प्रयोगशाळा प्रमुखांना बोलवा. प्रथिनं रंगवायची असतील तर दुसरं अंडाशय ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवा.

दाणा कॅसेटमधून निसटतो, म्हणून लेन्स पेपरच्या पुडीत बांधा. शेवटच्या अल्कोहोलमध्ये इओसिनचा एक थेंब टाका. ऊती गुलाबी होते आणि मेणात हरवत नाही. उन्हाळ्यात ब्लॉक कापण्याआधी बर्फाच्या ट्रेवर पालथे ठेवा. दर दहा-बारा काप झाले की परत बर्फ लावा. पहाटे सहाला येऊन कापलं तर निम्मा त्रास वाचतो. जाडी ५ मायक्रॉन.

एका बाबतीत मात्र खान्देशचं पाणी मदतीला येतं. हिमॅटॉक्सिलिन या रंगानंतर निळेपणा यायला किंचित अल्कधर्मी पाणी लागतं, आणि आपल्या बोअरचं जड पाणी तेच काम करतं. वाहत्या नळाखाली पाच-दहा मिनिटं धरा, केंद्रकं स्वच्छ निळी होतात. डिस्टिल्ड पाण्यात ते होत नाही.

मोजणी

संपूर्ण अंडाशयाचे क्रमवार काप घ्या, त्यातला दर पाचवा मोजा. ज्या फॉलिकलमध्ये अंडपेशीचं केंद्रक दिसतं तेच धरा. चपट्या पेशींचा एक थर असेल तर आदिम. घनाकृती पेशींचा एक थर असेल तर प्राथमिक. दोन किंवा अधिक थर पण पोकळी नाही, ते द्वितीयक. द्रवाची पोकळी दिसली की अँट्रल. ग्रॅन्युलोसा पेशींची (अंडपेशीभोवतीच्या थरातल्या) केंद्रकं काळी, आकसलेली, अंडपेशी सुरकुतलेली असेल तर अ‍ॅट्रेटिक, म्हणजे मरू लागलेलं, त्याचा रकाना वेगळा.

आता दुरुस्ती. एकच केंद्रक दोन-तीन कापांत दिसू शकतं, त्यामुळे आकडा फुगतो. अ‍ॅबरक्रॉम्बीचं सूत्र सोपं आहे: मोजलेला आकडा गुणिले कापाची जाडी, भागिले जाडी अधिक केंद्रकाचा व्यास. समजा दर पाचव्या कापात मिळून १२० आदिम फॉलिकल मिळाली. पाचानं गुणून ६००. जाडी ५, केंद्रकाचा व्यास १० मायक्रॉन, म्हणजे ६०० गुणिले ५ भागिले १५, उत्तर २००. कच्चा ६०० आणि दुरुस्त २०० यांतला कोणता आकडा छापला ते स्पष्ट लिहा. दुसऱ्यांच्या आकड्यांशी तुलना करताना त्यांनी काय केलं होतं तेही आधी पाहा.

काचपट्ट्यांवर गटाचं नाव दिसता कामा नये. मैत्रिणीला सांकेतिक क्रमांक टाकायला सांगा आणि कागद मार्गदर्शकांकडे ठेवा. संख्याशास्त्रात एकक प्राणी आहे, काप नाही. सहा माद्यांचे साठ काप म्हणजे नमुना सहाच.

संप्रेरकं

एएमएच (अँटी-म्युलेरियन संप्रेरक) वाढत्या छोट्या फॉलिकलमधून येतं, म्हणून साठ्याचा अंदाज देतं. साठा घटला की एफएसएच (पीयूषिकेचं, फॉलिकल वाढवणारं संप्रेरक) चढतं, इस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन) उतरतं. रक्त चक्राच्या एकाच टप्प्यावर घ्या. सीरम डीप फ्रीझरमध्ये ठेवताना शेजारी पाण्याचा कप गोठवून त्यावर नाणं ठेवा. सुट्टीनंतर नाणं बुडालेलं दिसलं तर वीज गेली होती आणि नमुने वितळून परत गोठले होते.

लिहिताना

किरणांनी अंडाशय आकसतं हे १९०५ मध्ये लुडविग हालबरश्टेटर यांनी सशांवर दाखवलं, क्ष-किरणांच्या शोधाला तेव्हा दहाच वर्षं झाली होती. त्यामुळे 'किरणोत्सर्गानं अंडाशयाची हानी होते' हा तुमचा निष्कर्ष असू शकत नाही. कोणत्या प्राण्यात, कितव्या दिवशी, किती डोसला, कोणत्या टप्प्याची किती फॉलिकल गेली, हा तुमचा निष्कर्ष.

माणसाकडे झेप घेताना फार जपा. मानवी अंडपेशींपैकी निम्म्या मारणारा डोस २ ग्रेपेक्षा थोडा कमी असल्याचा अंदाज आहे, म्हणजे पिल्लावस्थेतल्या माऊसच्या कितीतरी पट. 'लहान वय' या शब्दाचा अर्थही उलटतो. माऊसचं पिल्लू अधिक नाजूक, कारण त्याची पेशी लवकर मरते. मुलीच्या बाबतीत साठा मोठा असल्यानं तो पूर्ण संपवायला जास्त डोस लागतो. ब्रिटनमधल्या संशोधकांच्या २००५च्या गणिती प्रारूपानुसार अंडाशयाला तात्काळ निकामी करणारा डोस जन्मावेळी २०.३ ग्रे, दहाव्या वर्षी १८.४, विसाव्या वर्षी १६.५, तिसाव्या वर्षी १४.३. त्याहून कमी डोसमध्येही साठा घटतो आणि रजोनिवृत्ती अलीकडे येते.

एक विद्यार्थिनी दिवाळीला यावलला घरी गेली आणि जेवताना तिनं प्रयोगाबद्दल सांगितलं. काकूंनी ताट बाजूला सारलं. "माझ्या पोरीचा हात मोडला तेव्हा एक्स-रे काढला होता. तिला पुढे मूल होईल ना गं?" मुलीनं तिथूनच मला फोन लावला. मी काकूंशी बोलले: हाताच्या एक्स-रेत अंडाशयापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही, आणि आम्ही पिल्लांना देतो तो डोस त्याच्या हजारो पट असतो. काळजीचं कारण असतं ते ओटीपोटावर किंवा संपूर्ण शरीरावर कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलींच्या बाबतीत. तिथे उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावं: अंडाशय किरणांच्या वाटेतून शस्त्रक्रियेनं बाजूला सरकवता येईल का, अंडाशयाची ऊती गोठवून ठेवता येईल का. डोस सुरू झाल्यावर विचारायला उशीर झालेला असतो.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक प्रबंधात चर्चेच्या प्रकरणाआधी या कामाचा माणसासाठी अर्थ काय हे सांगणारा एक परिच्छेद असतो, आणि तो विद्यार्थ्यानं घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा असतो. ऐकणाऱ्याला तो कळला नाही, किंवा ऐकून तो घाबरला, तर परिच्छेद पुन्हा लिहायचा.

काम संपलं की उरलेले ब्लॉक फेकू नका. प्रत्येकावर प्राण्याचा क्रमांक, जन्मतारीख, डोस आणि डोसच्या दिवशीचं वय पेन्सिलनं लिहा, पेनाची शाई झायलीन या द्रावकात निघून जाते. थंड कपाटात ठेवा आणि नोंदवहीत जागा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी येणारी मुलगी मोजणी त्यांच्यावरच शिकेल.